गुडघे टेकून प्रभुभोजन: अँग्लिकन चर्चमधला जुना वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाद नेमका कशाचा होता?

प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेताना माणसाने गुडघे टेकावेत, उभे राहावे की बसावे, याचा. वरवर पाहता क्षुल्लक वाटते. पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले होते. पहिला: गुडघे टेकले म्हणजे भाकरीची पूजा केली असे होते का? दुसरा: पवित्र शास्त्राने जी गोष्ट सांगितलेली नाही आणि मनाईही केलेली नाही, ती चर्च किंवा राजा सक्तीची करू शकतो का? पहिल्या प्रश्नावर इंग्लंडमधल्या दोन्ही बाजूंचे सुरुवातीला बरेचसे एकमत होते. भांडण पेटले आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक धुमसत राहिले ते दुसऱ्यामुळे. बहुतेक लेखांत पहिल्याचीच चर्चा असते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

शेवटच्या भोजनाला शिष्य कसे बसले होते?

बसले नव्हते, टेकून आडवे झाले होते. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीकमधली क्रियापदे त्या काळच्या मेजवानीची रीत सांगतात: डाव्या कोपरावर रेलायचे आणि उजव्या हाताने जेवायचे. योहानाच्या तेराव्या अध्यायात एक शिष्य येशूच्या उराशी टेकलेला दिसतो तो त्यामुळेच. खुर्च्यांवर बसलेल्या माणसांत ते जमणार नाही. मराठी भाषांतरात ‘भोजनास बसला’ असे येते, ते आपल्या कानाला बरोबर वाटते आणि हा तपशील नजरेआड होतो. पुढे इंग्लंडचा आर्चबिशप क्रॅन्मर याने याच तपशिलाचा वापर केला.

मग गुडघे टेकण्याची प्रथा आली कुठून?

पहिल्या काही शतकांत ती सर्वसाधारण नव्हती. सन ३२५ च्या नायसिया परिषदेचा विसावा नियम तर रविवारी आणि पुनरुत्थानानंतरच्या पन्नास दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करावी असे सांगतो, कारण गुडघे टेकणे हे पश्चात्तापाचे लक्षण आणि रविवार हा आनंदाचा दिवस. गुडघे टेकण्याच्या विरोधकांना हा नियम पुढे आयताच सापडला.

पश्चिम युरोपात चित्र मध्ययुगात बदलले. सुमारे १२०० पासून अभिषिक्त भाकर लोकांना दिसेल अशी उंच धरण्याची चाल पडली, आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने भाकरीचे सारतत्त्व बदलून ख्रिस्ताचे शरीर होते या शिकवणीवर शिक्कामोर्तब केले. समोर साक्षात ख्रिस्त आहे म्हटल्यावर माणूस उभा कसा राहील? धर्मसुधारकांना खटकत होता तो हाच दुवा.

चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४९ च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकात काय होते?

बरीच मोकळीक. गुडघे टेकणे, क्रूसाची खूण करणे, हात वर करणे, छाती पिटणे या गोष्टी ज्याच्या त्याच्या भक्तीप्रमाणे कराव्यात किंवा सोडाव्यात, कोणी दोष देऊ नये, अशी टीप शेवटी होती. भाकर मात्र पाळक अजून थेट तोंडात घालत असे.

१५५२ मध्ये एवढे काय बिघडले?

राजा एडवर्ड सहावा पंधरा वर्षांच्या आतला. त्याच्या नावाने सल्लागार मंडळ कारभार पाहत होते आणि त्याचा सूत्रधार होता नॉर्थंबरलंडचा ड्यूक. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याने दुसरे, जास्त प्रोटेस्टंट वळणाचे पुस्तक तयार केले. वेदी गेली, तिच्या जागी लाकडी मेज आले. भाकर तोंडात न घालता हातात द्यायची ठरली, आणि तीही रोजच्या जेवणातली, मात्र मिळेल तेवढ्या उत्तम गव्हाची. उरलेली भाकर आणि द्राक्षारस पाळकाने घरी न्यावा, असेही लिहिले. एवढे सगळे बदलताना क्रॅन्मरने एक शब्द मात्र सूचनेत घातला: लोकांना हातात द्यावे, ‘गुडघे टेकलेल्यांना’. आधी जे ऐच्छिक होते ते आता विधीचा भाग झाले.

त्याआधीपासून कुरबुर होतीच. १५५० च्या उपवासकाळात धर्मसुधारक जॉन हूपरने राजासमोरच्या प्रवचनांत बसून प्रभुभोजन घ्यावे असे सुचवले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये परदेशी प्रोटेस्टंट निर्वासितांना ऑस्टिन फ्रायर्सचे चर्च मिळाले. तिथे पोलिश धर्मसुधारक योहानेस आ लास्कोच्या देखरेखीखाली लोक मेजाभोवती बसून घेत. स्कॉटिश प्रवचनकार जॉन नॉक्सही बेरिक गावात आपल्या मंडळीला बसवूनच देत होता.

१५५२ च्या शरद ऋतूत नॉक्सने राजासमोर गुडघे टेकण्यावर सडकून टीका केली. पुस्तक तोवर संसदेत मंजूर झालेले, छापखान्यात गेलेले, १ नोव्हेंबरपासून लागू व्हायचे. तरी सल्लागार मंडळाने रिचर्ड ग्राफ्टन या मुद्रकाला वितरण थांबवायला सांगितले आणि क्रॅन्मरला फेरविचार करायला.

क्रॅन्मरने काय उत्तर दिले?

७ ऑक्टोबर १५५२ चे त्याचे पत्र उपलब्ध आहे आणि त्यात राग लपलेला नाही. स्वतःच्या मनासारखे असल्याखेरीज ज्यांना काहीच रुचत नाही अशा अस्वस्थ जिवांसाठी संसदेने मंजूर केलेली गोष्ट का बदलायची, असा त्याचा रोख आहे. मग मुद्दा येतो. शास्त्रात आज्ञा नाही म्हणून गुडघे टेकणे पाप, असे म्हटले तर बसण्याची तरी आज्ञा कुठे आहे? उभे राहण्याची? शास्त्राचा शब्दशः आधार घ्यायचा तर तार्तार आणि तुर्क जेवतात तसे जमिनीवर आडवे पडूनच घ्यावे लागेल. शास्त्रात नाही ते सारे अवैध, हे सूत्र मान्य केले की चर्चमधली कुठलीच व्यवस्था टिकणार नाही, हे त्याने नेमके ओळखले होते.

नॉक्सच्या बाजूने उत्तर असे: आडवे पडणे ही त्या काळची जेवणाची रीत होती, आमच्या काळची रीत मेजाशी बसणे ही आहे. भोजन आहे तर भोजनासारखे घ्या. गुडघे टेकून कोण जेवतो? हा युक्तिवादही कच्चा नाही.

‘काळी रुब्रिक’ म्हणजे काय?

रुब्रिक म्हणजे विधीच्या पुस्तकातली कृतीची सूचना. सल्लागार मंडळाने मधला मार्ग काढला. गुडघे टेकणे राहील, पण त्याचा अर्थ काय नाही हे सांगणारे निवेदन पुस्तकाला जोडायचे. २७ ऑक्टोबरला, म्हणजे पुस्तक लागू व्हायला पाच दिवस उरले असताना, तसा आदेश निघाला. संसदेने हा मजकूर पाहिलाच नव्हता.

निवेदन सांगते ते थोडक्यात असे: गुडघे टेकणे हे ख्रिस्ताच्या उपकारांची नम्र, कृतज्ञ जाणीव दाखवण्यासाठी आणि गोंधळ टाळण्यासाठी आहे. भाकर-द्राक्षारसाची किंवा तिथे ख्रिस्ताच्या नैसर्गिक मांस-रक्ताची ‘खरी आणि सारभूत’ उपस्थिती मानून तिची आराधना त्यातून होत नाही, होऊ नये. ख्रिस्ताचे नैसर्गिक शरीर स्वर्गात आहे, इथे नाही. खरे शरीर एका वेळी एकाच ठिकाणी असते.

‘काळी’ हे विशेषण १६ व्या शतकातले नाही आणि ते निषेधाचेही नाही, हा गैरसमज फार पसरला आहे. एकोणिसाव्या शतकात प्रार्थनापुस्तके छापताना सूचना लाल शाईत देण्याची पद्धत रुळली. हे निवेदन कृतीची सूचना नव्हे, खुलासा; म्हणून ते काळ्या शाईत राहिले आणि नाव पडले.

१५५२ ची जुनी प्रत समोर आली तर निवेदन कुठे शोधायचे?

प्रभुभोजन विधीच्या शेवटी. पण तीन शक्यता असतात. काही प्रतींत ते अजिबात नाही, कारण त्या प्रती आदेशाआधीच छापून झाल्या होत्या. काहींत वेगळे पान चिकटवलेले किंवा शिवलेले आहे. नंतरच्या छपाईत ते मजकुरातच आले. सुटे पान कुठे लावायचे हे बांधणाऱ्यावर राहिल्याने त्याची जागाही सगळीकडे एक नाही. निवेदन नाही म्हणून प्रत अपुरी किंवा बनावट, असा निष्कर्ष घाईने काढू नका.

नॉक्सने ही तडजोड मानली का?

आश्चर्य वाटेल, पण हो, तात्पुरती. बेरिकच्या मंडळीला लिहिताना त्याने सांगितले की भाकरीची आराधना होत नाही हे सरकारने स्पष्ट केले आहे, तेव्हा शांततेसाठी सध्या गुडघे टेका. दरम्यान नॉर्थंबरलंड त्याला रॉचेस्टरचा बिशप करायला निघाला होता. क्रॅन्मरला धार लावायला नॉक्स हा चांगला धारेचा दगड ठरेल, असे त्याने राजाचा सचिव विल्यम सेसिल याला लिहिले. नॉक्सने पद नाकारले. पुढच्याच वर्षी एडवर्ड वारला, कॅथलिक मेरी राणी झाली आणि पुस्तकच गेले.

मेरीनंतरची राणी एलिझाबेथ हिने निवेदन का वगळले?

१५५९ च्या पुस्तकात गुडघे टेकणे आहे, निवेदन नाही. कारण शोधताना भाकर देतानाच्या शब्दांची जुळणी पाहावी. १५४९ मध्ये भाकर देताना पाळक म्हणे, ‘तुझ्यासाठी दिलेले आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचे शरीर तुझा देह व आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो.’ १५५२ मध्ये ते काढून, ‘ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा, आणि उपकार मानत विश्वासाने आपल्या अंतःकरणात त्याच्यावर पोषण पाव,’ असे आले. १५५९ ने दोन्ही वाक्ये एकापुढे एक ठेवून दिली. ज्याला ‘शरीर’ ऐकायचे त्याने पहिले ऐकावे, ज्याला ‘स्मरण’ त्याने दुसरे. अशा पुस्तकात ‘इथे शरीर नाही’ असे ठणकावणारे निवेदन बसत नव्हते.

पण निवेदन गेले तशी नॉक्ससारख्यांना दिलेली हमीही गेली. १५७२ मध्ये जॉन फील्ड आणि टॉमस विलकॉक्स या प्युरिटन पाळकांनी संसदेला उद्देशून जे आवाहनपत्र छापले, त्यातल्या तक्रारींत गुडघे टेकणे होतेच.

गुडघे टेकले नाहीत तर काय होत असे?

वर्षातून किमान तीनदा, त्यात एकदा पुनरुत्थानाच्या सणाला, प्रभुभोजन घेणे बंधनकारक होते. त्यामुळे टाळून चालत नसे. चर्चवॉर्डन (चर्चची देखभाल पाहणारे लोकांतले अधिकारी) नाव कळवत, प्रकरण धर्मन्यायालयात जाई आणि हट्ट धरला तर बहिष्कारापर्यंत पोचे. १६०४ च्या नियमावलीतला २७ वा नियम पाळकालाही पेचात पकडतो: जो गुडघे टेकत नाही त्याला जाणूनबुजून प्रभुभोजन दिले तर पाळक निलंबित.

स्कॉटलंडमध्ये हा वाद एवढा का चिघळला?

तिथे रीतच वेगळी होती. लांब मेज मांडायचे, लोकांनी दोन्ही बाजूंनी बसायचे, भाकर शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायची. इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्हींचा राजा असलेल्या जेम्सने इंग्लंडची पद्धत आणायचे ठरवले आणि २५ ऑगस्ट १६१८ ला पर्थच्या महासभेत पाच कलमे मंजूर करून घेतली. पहिलेच गुडघे टेकण्याचे. १६२१ मध्ये संसदेने त्यांना कायद्याचे बळ दिले. एडिनबरातले लोक सणाच्या दिवशी शहर सोडून, जिथे सक्ती होत नव्हती अशा शेजारच्या चर्चमध्ये जाऊ लागले. १६३७ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकावरून दंगा झाला, आणि १६३८ च्या ग्लासगो महासभेने पाचही कलमे रद्द केली.

डेव्हिड कॅल्डरवूडचे पर्थच्या सभेविरुद्धचे पुस्तक १६१९ मध्ये हॉलंडच्या लायडनमध्ये छापले गेले, विल्यम ब्रूस्टरच्या छापखान्यात. हा ब्रूस्टर पुढच्या वर्षी मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला गेला. त्याची आठवण ठेवा, खाली लागेल.

वेदीपुढचा कठडा गुडघे टेकण्यासाठीच आला का?

जाहीर कारण कुत्र्यांचे होते. १६३६ मध्ये नॉरिचचा बिशप मॅथ्यू रेन याने आदेश काढला: कठडा सुमारे एक यार्ड, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास उंच, आणि खांब इतके दाट की कुत्री आत शिरू नयेत. पण आर्चबिशप विल्यम लॉडच्या धोरणात त्याचा परिणाम मोठा झाला. मेज पूर्वेच्या भिंतीला लागले, मध्ये कुंपण आले आणि लोकांना त्या कुंपणापाशी येऊन गुडघे टेकावे लागले. आधी मेज लोकांत होते, पाळक लोकांपर्यंत जात होता. म्हणून १६४० मध्ये युद्धासाठी जमवलेल्या सैनिकांनी ठिकठिकाणी कठडे उखडून जाळले, आणि १६४१ मध्ये कॉमन्स सभेने ते काढण्याचा आदेश दिला. संसदेने प्रार्थनापुस्तकाच्या जागी आणलेल्या १६४५ च्या उपासना-मार्गदर्शिकेत तर लोकांनी मेजाभोवती किंवा मेजाशी बसावे असे आले.

१६६२ च्या पुस्तकात निवेदन परत आले, पण एक शब्द बदलून. त्याने काय फरक पडतो?

पुष्कळ. १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर, १६६१ च्या सॅव्हॉय परिषदेत प्युरिटन पाळक रिचर्ड बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी गुडघे टेकणे ऐच्छिक करा अशी मागणी केली. ती फेटाळली गेली. प्रत्येकाच्या हातात वेगळी भाकर देऊन प्रत्येकाला वेगळी वाक्ये म्हणण्याची सक्ती नको, हीही फेटाळली. मिळाले ते निवेदन.

पण १५५२ ने ‘खरी आणि सारभूत’ उपस्थिती नाकारली होती. १६६२ ने त्याजागी ‘शारीरिक’ उपस्थिती नाकारली. म्हणजे ख्रिस्त मांस-रक्ताच्या रूपाने तिथे नाही एवढेच ठरले. आत्मिक पण खऱ्या अर्थाने आहे, असे मानायला दार उघडे राहिले. याच पुस्तकात उरलेल्या अभिषिक्त भाकरीबद्दलचा नियमही बदलला: ती घरी न्यायची नाही, चर्चमध्येच आदराने संपवायची. दोन बदल शेजारी ठेवले की दिशा कळते. एकच निवेदन म्हणून दोन्ही मजकूर उद्धृत करणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक.

या पुस्तकाची सक्ती करणाऱ्या कायद्यामुळे आणि त्याआधीच्या दोन वर्षांत मिळून सुमारे २,००० पाळकांना पदे सोडावी लागली. कारणे अनेक होती, गुडघे टेकणे त्यातले एक.

सरकारी नोकरीचा यात संबंध कसा आला?

१६७३ च्या टेस्ट कायद्याने. पद मिळाल्यापासून तीन महिन्यांत चर्च ऑफ इंग्लंडच्या रीतीने प्रभुभोजन घ्यायचे आणि पाळक व चर्चवॉर्डनच्या सहीचा दाखला सादर करायचा. रीत म्हणजे अर्थातच गुडघे टेकून. चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळे झालेले काही लोक वर्षातून एकदा गुडघे टेकून नोकरी राखत आणि एरवी आपल्या उपासनेच्या सभागृहात जात. १६९७ मध्ये लंडनचा महापौर हम्फ्री एडविन पूर्ण लवाजम्यासह अशा सभागृहात गेला तेव्हा मोठा गहजब झाला. ही पळवाट बंद करणारा कायदा १७११ मध्ये आला, १७१९ मध्ये गेला. टेस्ट कायदा मात्र १८२८ पर्यंत टिकला. प्रभुभोजनाची याहून मोठी विटंबना कठड्यापाशी उभे राहणाऱ्याने केली असेल असे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात वाद पुन्हा का उठला?

या वेळी उलट्या बाजूने. अँग्लिकन चर्चला पुन्हा जुन्या कॅथलिक वळणाकडे नेऊ पाहणाऱ्या ऑक्सफर्डच्या चळवळीनंतर काही अँग्लिकन पाळक उघडपणे म्हणू लागले की संस्कारात उपस्थित असलेल्या ख्रिस्ताची आम्ही आराधना करतो. फ्रूमचा पाळक डब्ल्यू. जे. ई. बेनेट याच्यावर खटला झाला. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने, त्याच्या भाषेवर नापसंती दाखवली, पण त्याला दोषी ठरवले नाही. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने तर १७८९ च्या आपल्या पुस्तकातून निवेदनच गाळले होते.

मराठी ख्रिस्ती मंडळींशी याचा काही संबंध आहे का?

थेट आहे. ब्रूस्टर ज्या प्रवाहातला, त्याच न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार पाहणाऱ्या) चर्चमधून अमेरिकन मराठी मिशन आले: मुंबईत १८१३, अहमदनगरला १८३१. मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले ते मेजाशी बसणाऱ्या स्कॉटिश परंपरेतून. दुसरीकडे पुण्याच्या पंचहौदात काउली फादर्स आणि वाँटेजच्या भगिनी हे अँग्लिकन संन्यासी संघ आले, ते ऑक्सफर्ड चळवळीच्या वळणाचे. (होय, १८९० च्या चहाप्रकरणातले तेच पंचहौद मिशन.) म्हणजे इंग्लंडमध्ये एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सवयी मराठी मुलखात शेजारी-शेजारी रुजल्या.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन व डिसायपल्स परंपरा एका छताखाली आल्या. एका गावात कठड्याशी गुडघे टेकतात आणि दुसऱ्या गावात बाकावर बसलेल्यांपर्यंत लहान प्याले जातात, ते का, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या चर्चचे मूळ मिशन कोणते हे विचारले की मिळते.

आज गुडघे टेकणे सक्तीचे आहे का?

नाही. १६०४ ची नियमावली इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात बदलली गेली. उभ्याने घेणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही.

कठड्याशी गुडघे टेकून घेताना नेमके काय करायचे?

डावा तळहात खाली, उजवा त्यावर, दोन्ही छातीच्या उंचीवर. चौथ्या शतकात यरुशलेमच्या सिरिलने डाव्या हाताला उजव्याचे सिंहासन करा असे सांगितले, ती हीच रीत. भाकर बोटांनी उचलायची नाही, तळहातावर घ्यायची. ‘आमेन’ म्हणून खायची.

सांडलवंड होते ती प्याल्याच्या वेळी. गुडघे टेकलेला माणूस भक्तिभावाने मान खाली घालतो. वरून देणाऱ्याला ओठ दिसत नाहीत आणि द्राक्षारस नाकावर किंवा साडीवर जातो. हनुवटी वर ठेवा, प्याल्याच्या तळाला हात लावून तो स्वतः ओठाशी आणा. प्याला मात्र देणाऱ्याच्या हातातून पूर्ण काढून घेऊ नका.

वेळेचा हिशोब पाळकांनी आधी करावा. पाच मीटरच्या कठड्यावर माणशी ६० सेंटिमीटर धरले तर आठ जण मावतात. १२० जण असतील तर पंधरा फेऱ्या. प्रत्येकीला दोन मिनिटे धरली तरी अर्धा तास. सगळी रांग एकदम उठवण्याऐवजी, ज्याचे झाले त्याने उठावे आणि पुढच्याने त्याची जागा घ्यावी, तर वेळ वाचतो. पण वयस्कर लोकांना शेजारी उठत-बसत असताना आधार सापडत नाही, म्हणून त्यांना कठड्याच्या टोकाची, भिंतीकडची जागा द्या. ज्यांना गुडघेच टेकता येत नाहीत त्यांनी तिथेच उभे राहावे किंवा बाकावर थांबावे. भाकर आणि प्याला त्यांच्यापर्यंत नेता येतो. कोणाकडे जायचे हे सेवकाला विधी सुरू होण्याआधी सांगून ठेवा.